मायग्रेशन बॅड आयटमवर अडकलं? लिमिट वाढवायच्या आधी हे करा

एक्स्चेंज सर्व्हरवरचे मेलबॉक्स एक्स्चेंज ऑनलाइनला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या मेल सेवेला, न्यायला घेतले (हेच मायग्रेशन) की बॅचमधले, म्हणजे एकदम हलवायला घेतलेल्या गटातले, बहुतेक युजर गुपचूप निघून जातात आणि मग दोन-चार असे असतात जे फेल होऊन बसतात, एररमध्ये ‘टू मेनी बॅड आयटम्स पर्मनंट एक्सेप्शन’ असं काहीतरी लांबलचक लिहिलेलं असतं. यावर कुणालाही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं, बॅड आयटम लिमिट वाढव, म्हणजे न जाणारे किती आयटम सोडून पुढे जायचं तो आकडा. मग लोक शंभर करतात, हजार करतात, लार्ज आयटम लिमिटही (तीच परवानगी, फार मोठ्या आयटमसाठी) त्याच दमात वाढवून टाकतात, मूव्ह (मेलबॉक्स हलवायचं काम) पुन्हा चालू करतात, ती पूर्ण होते, तिकीट क्लोज.

यात गोची अशी की लिमिट वाढवल्याने दुरुस्त काहीच होत नाही. एवढे आयटम सोडलेस तरी मी ओरडणार नाही, अशी तुम्ही सर्व्हिसला दिलेली ती परवानगी आहे, बस. सोडलेला आयटम पलीकडे जात नाही, आणि युजरलाही कुणी सांगत नाही की तुझं अमुक तमुक मागे राहिलं. त्याला ते कळतं कधी, तर जेव्हा तो नेमका तोच मेल शोधायला बसतो तेव्हा, आणि तोपर्यंत जुन्या डेटाबेसमधली प्रतही गेलेली असते कारण डिफॉल्ट सेटिंग असेल तर ती ३० दिवसच राहते. म्हणजे लिमिट वाढवायची नाही असं नाही, वाढवायची, पण सगळ्यात शेवटी आणि आपण नेमकं काय सोडतोय ते माहीत झाल्यावर.

करप्ट म्हणजे नेमकं काय

मेलबॉक्स हलवायचं काम मेलबॉक्स रेप्लिकेशन सर्व्हिस करते, सगळे तिला एमआरएस म्हणतात. ती जुन्या बाजूला प्रत्येक फोल्डर उघडते, त्यातला प्रत्येक आयटम त्याच्या सगळ्या प्रॉपर्टीजसकट (विषय, वेळ, पाठवणारा अशा आतल्या नोंदी) वाचते आणि नव्या बाजूला लिहिते. वाचता आलं नाही किंवा लिहिता आलं नाही की तिच्या लेखी तो करप्ट, म्हणजेच बॅड आयटम. त्यामुळे होतं काय, की आउटलुकमध्ये व्यवस्थित उघडणारा मेलही इथे बॅड ठरू शकतो कारण आउटलुक त्यातली बिघडलेली प्रॉपर्टी कधी बघतच नाही. युजर म्हणतो माझं सगळं नीट दिसतंय, तुम्ही म्हणता करप्ट आहे, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

हे येतं कुठून? मेलबॉक्स वर्षानुवर्षं एका व्हर्जनमधून दुसऱ्यात ढकललेला असतो, मधेच कुणीतरी जुन्या पीएसटी (आउटलुकच्या मेल साठवायच्या फाइल) आत ओतलेल्या असतात, मोबाइलच्या सिंक अ‍ॅपने कॅलेंडरमध्ये काहीतरी अर्धवट लिहून ठेवलेलं असतं, एखादा आर्कायव्हिंग एजंट मेलच्या जागी नुसता स्टब (मूळ मेलकडे बोट दाखवणारा तुकडा) ठेवून कधीचा बंद पडलेला असतो. म्हणून जुना आणि मोठा मेलबॉक्स दिसला की तिथे काहीतरी निघणार असं धरूनच चाला.

आणि एक, प्रत्येक फेल म्हणजे करप्शन नाही. नेटवर्क तुटलं, फायरवॉलने कनेक्शन कापलं, समोरचा सर्व्हर बिझी आहे म्हणून मूव्ह ‘स्टॉल्ड’ दाखवतेय, हे सगळं ट्रान्झियंट, म्हणजे तात्पुरतं, ते आपोआप पुन्हा प्रयत्न करतं. त्याच्यावर बॅड आयटमचे उपाय करत बसलात तर दिवस वाया.

आधी रिपोर्ट, मग हात

पहिली गोष्ट म्हणजे पॉवरशेल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि रिपोर्ट काढा. अ‍ॅडमिन सेंटरमधली छोटी खिडकी फक्त आकडा सांगते, आकड्याने काही कळत नाही. गेट-मूव्हरिक्वेस्टस्टॅटिस्टिक्स ही कमांड युजरचं नाव आणि इन्क्लूडरिपोर्ट स्विच देऊन चालवा, आलेला सगळा ऑब्जेक्ट एक्सपोर्ट-सीएलआयएक्सएमएलने फाइलमध्ये ठेवून द्या. ही फाइल प्रत्येक अडकलेल्या युजरची ठेवायचीच, कारण मूव्ह रिक्वेस्ट काढून टाकली की रिपोर्टही जातो आणि पुढे कुणी विचारलं काय काय राहिलं तर दाखवायला काही उरत नाही.

मायग्रेशन बॅच वापरत असाल तर त्याहून सोपं म्हणजे गेट-मायग्रेशनयुजरस्टॅटिस्टिक्स, इन्क्लूडस्किप्डआयटम्स स्विच लावून. त्यातल्या स्किप्डआयटम्स नावाच्या भागात प्रत्येक आयटमचा प्रकार, फोल्डरचं नाव, विषय, पाठवणारा, तारीख, साइज आणि काय बिघडलं ते येतं. ते सीएसव्हीत काढा, एक्सेलमध्ये उघडा आणि काइंड या कॉलमवर सॉर्ट करा. इथे डोळे उघडतात, कारण ज्या युजरचे खूप बॅड आयटम म्हणून तुम्ही घाबरला होता त्यातले कितीतरी मेल नसतातच. कुठे फोल्डरची परमिशन असते, कुठे रूल (आलेला मेल आपोआप हलवणारा नियम), कुठे मेलबॉक्सची एखादी सेटिंग. मेल किती, कॅलेंडर किती, बाकी किती, एवढं वेगळं केलं की निम्मं काम झालं.

परमिशनवाल्या ओळी पटकन उरकतात. जुना एखादा कर्मचारी गेला, त्याचं अकाउंट डिलीट झालं, पण कुणाच्या तरी कॅलेंडरवर त्याची परमिशन तशीच राहिली, आता क्लाउडच्या बाजूला त्या माणसाशी जोडायला कुणी सापडत नाही म्हणून ‘करप्ट फोल्डर एसीएल’ किंवा ‘सोर्स प्रिन्सिपल मॅपिंग’ अशी एरर येते. गेट-मेलबॉक्सफोल्डरपरमिशन चालवलं की नावाच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांब संख्या दिसते, ती रिमूव्ह-मेलबॉक्सफोल्डरपरमिशनने काढा, कमांडने निघत नसेल तर आउटलुकमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या परमिशन्स टॅबवरून काढा. नाही काढली तरी यात मेल हरवत नाही, सोडून गेलेल्या माणसाची परवानगी मागे राहते एवढंच, त्यामुळे वेळ नसेल तर हे खुशाल सोडा.

रूल्सचंही तसंच, डिलीट झालेल्या फोल्डरकडे मेल पाठवणारे रूल, आउटलुकच्या कुठल्या जुन्या व्हर्जनमध्ये बनवलेले रूल, युजरला सांगा कामाचे तेवढे लिहून ठेव, बाकी काढून टाक, पलीकडे गेल्यावर नवे बनव. रूलची दुरुस्ती करत बसण्यात अर्थ नाही.

मोठ्या आयटमचा प्रकार वेगळा. ते करप्ट नसतात, फक्त जाड असतात. एक्स्चेंज ऑनलाइनला १५० एमबीच्या वरचा आयटम मायग्रेशनमध्ये जातच नाही, आणि ही मर्यादा तुम्ही कितीही लिमिट वाढवलीत तरी हलत नाही, लार्ज आयटम लिमिट वाढवली म्हणजे तो मागे सोडला जाणार, पलीकडे पोचणार नाही. रिपोर्टात साइजचा कॉलम असतोच. युजरला दाखवा, अटॅचमेंट सेव्ह करून मेलमधून काढायला लावा किंवा तो मेलच बाहेर सेव्ह करून डिलीट करायला सांगा. जुन्या सर्व्हरवर मेसेज साइजचं बंधन नसेल तर ड्राफ्ट्स आणि सेंट आयटम्समध्ये असले राक्षस सापडतात.

कॅलेंडर

खरा त्रास इथे. मेल एकदा आला की पडून असतो, पण कॅलेंडरच्या आयटमला आउटलुक, फोन, डेलिगेट (दुसऱ्याचं कॅलेंडर सांभाळणारा), मीटिंग रूम, मधलं एखादं सिंक सॉफ्टवेअर असे पाच हात लागलेले असतात. ऑर्गनायझरच नसलेली मीटिंग, सुरू व्हायच्या आधी संपणारी मीटिंग, शेवटची तारीख नसलेली आणि वर्षानुवर्षं दर आठवड्याला वेळ बदलत बदलत अपवादांचा ढीग झालेली रिकरिंग मीटिंग, हे सगळे नेहमीचे.

हे शोधायला मायक्रोसॉफ्टचं कॅलचेक नावाचं टूल आहे, आउटलुकचं प्रोफाइल वापरून कॅलेंडर तपासतं आणि कुठल्या आयटममध्ये काय गडबड ते रिपोर्टमध्ये लिहितं. मोठ्या साहेबांचे आणि त्यांच्या असिस्टंटचे मेलबॉक्स बॅचमध्ये घ्यायच्या आधीच हे चालवून घ्या कारण तिथे कॅलेंडर सगळ्यात जास्त पेटलेलं असतं आणि ओरडाही तिथूनच सगळ्यात मोठा येतो.

मग दुरुस्ती. आउटलुकमध्ये कॅश्ड मोड (मेलबॉक्सची प्रत मशीनवर ठेवायची सोय) बंद करा म्हणजे तुम्ही सर्व्हरवरची खरी प्रत बघताय याची खात्री, कॅलेंडरचा व्ह्यू बदलून लिस्ट करा, विषय किंवा तारखेवर सॉर्ट करा आणि रिपोर्टातला आयटम गाठा. उघडत असेल तर विषय, वेळ, कोण कोण आहे ते लिहून घ्या आणि डिलीट करून नव्याने बनवा. पुढे चालू असलेली रिकरिंग मीटिंग असेल तर ती ऑर्गनायझरनेच कॅन्सल करून नवी पाठवावी, तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून परस्पर उडवलीत तर बाकीच्यांच्या कॅलेंडरमध्ये भुतं राहतात. उघडतच नसेल तर युजरच्या लॅपटॉपवरच्या कॅश्ड प्रतीत बघा, तिथे पुष्कळदा तोच आयटम ठणठणीत असतो.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांची सुटते. डिलीट केलं, शिफ्ट-डिलीट केलं, तरी आयटम जात नाही, तो रिकव्हरेबल आयटम्समध्ये (डिलीट केलेलं ठेवणारा लपलेला फोल्डर) जाऊन बसतो, आणि मूव्हमध्ये रिकव्हरेबल आयटम्सही जातात. म्हणजे तुम्ही इकडून काढला आणि तो तिकडून पुन्हा बॅड आयटम म्हणून हजर, फक्त फोल्डरचं नाव बदललेलं. कॅलेंडर लॉगिंगचा सबफोल्डरही त्यातच असतो, कॅलेंडरमध्ये झालेल्या बदलांच्या प्रती तिथे साठतात, आणि बिघडलेल्या मीटिंगच्या प्रतीही अर्थातच बिघडलेल्याच. गेट-मेलबॉक्सफोल्डरस्टॅटिस्टिक्सला फोल्डरस्कोप रिकव्हरेबलआयटम्स देऊन आत किती काय आहे ते बघा. ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’ मधून पर्ज करता येतं, म्हणजे कायमचं काढता येतं, पण मेलबॉक्सवर लिटिगेशन होल्ड (कायदेशीर कारणासाठी काही कायमचं पुसू न देणारी सेटिंग) किंवा सिंगल आयटम रिकव्हरी (पुसलेलं ठरावीक दिवस राखणारी सेटिंग) चालू असेल तर पर्ज केलेलंही आत पर्जेस फोल्डरमध्ये राहतं, आणि ते तसंच असायला हवं, त्यासाठीच तर होल्ड लावलेला असतो. मायग्रेशन अडतंय म्हणून होल्ड काढणं हा अ‍ॅडमिनचा निर्णय नाही, लीगल किंवा कम्प्लायन्सवाल्यांकडून लेखी घ्या, नाहीतर ते आयटम स्किप होऊ द्या आणि यादी त्यांच्याकडे द्या. इथे शॉर्टकट मारू नका, बाकी कुठेही मारा.

आउटलुकला ज्याला हातच लावता येत नाही असे आयटम एमएफसीमॅपीने काढता येतात, तेही मायक्रोसॉफ्टच्या बाजूनेच आलेलं फुकट टूल, मेलबॉक्सच्या आतली सगळी फोल्डरं आणि प्रॉपर्टीज उघड्या दिसतात. फार ताकदवान आहे आणि तुम्ही काय डिलीट करताय ते दोनदा विचारत बसणारं नाही, त्यामुळे आधी बॅकअप, आणि युजरचं आउटलुक बंद.

साधे मेल

रिपोर्टात खरोखरचा मेल करप्ट म्हणून आला तर आधी विषय आणि तारीख बघून युजरला विचारा हवा आहे का. दहा वर्षांपूर्वीचं न्यूजलेटर असेल तर विषय संपला. हवा असेल तर आउटलुकमधून किंवा ओडब्ल्यूएमधून (ब्राउझरमधलं आउटलुक) उघडून बघा, उघडला तर बाहेर सेव्ह करा किंवा त्याला फॉरवर्ड करून घ्या, म्हणजे निदान मजकूर आणि अटॅचमेंट वाचली.

इथे कुणीतरी म्हणेल की सोपं आहे, न्यू-मेलबॉक्सएक्सपोर्टरिक्वेस्टने सगळा मेलबॉक्स पीएसटीत काढू. काढा, बॅकअप म्हणून उत्तमच आहे, इम्पोर्ट-एक्सपोर्टचा रोल स्वतःला द्यावा लागतो आणि पाथ नेटवर्क शेअरचा लागतो ज्यावर एक्स्चेंज ट्रस्टेड सबसिस्टिमला लिहायची परवानगी आहे, थेट ड्राइव्हचा पाथ चालत नाही. पण हे लक्षात घ्या की ही एक्सपोर्टसुद्धा एमआरएसच करते, ज्या आयटमवर मूव्ह अडखळली त्याच आयटमवर एक्सपोर्टही अडखळणार आणि तिलाही बॅड आयटम लिमिट असते. म्हणजे नेमका जो आयटम वाचवायचा तोच त्या पीएसटीत नसणार. त्यापेक्षा युजरच्या मशीनवरची ओएसटी, म्हणजे कॅश्ड मोडची फाइल, कामाला येते, कॅश्ड मोडमधलं आउटलुक उघडायचं, नेट काढायचं म्हणजे मधेच सिंक होणार नाही, आणि ती मेलं एका नव्या पीएसटीत ओढून ठेवायची. मायग्रेशन झालं की परत आत टाका.

यावरून आठवलं, स्कॅनपीएसटी. हे टूल सगळ्यांना माहीत असतं म्हणून सगळे आधी तेच चालवतात. ते युजरच्या मशीनवरची पीएसटी किंवा ओएसटी फाइल दुरुस्त करतं, सर्व्हरवरच्या मेलबॉक्सला त्याचा वाराही लागत नाही. त्याच्या उलट टोकाला ईएसईयूटिल, तेही स्लॅश पी लावून. ते डेटाबेसच्या पानांवर काम करतं, खराब पानं सरळ फेकून देतं, डेटाबेस माउंटच (चालूच) होत नसेल आणि बॅकअपही नसेल तेव्हाचा तो शेवटचा पर्याय आहे. एका युजरच्या एका मीटिंगसाठी ते चालवणं म्हणजे डास मारायला तोफ, आणि तोफेने पडलेली भिंत पुन्हा तुम्हालाच बांधायचीय.

रिपेअर रिक्वेस्ट

सर्व्हरवरच्या मेलबॉक्ससाठी योग्य कमांड न्यू-मेलबॉक्सरिपेअररिक्वेस्ट, एक्स्चेंज २०१० च्या सर्व्हिस पॅक १ पासून आहे, त्याआधी हेच काम आयसइंटेग करायचं आणि त्यासाठी अख्खा डेटाबेस डिसमाउंट (बंद) करायला लागायचा. आता डेटाबेस चालू राहतो, ज्याची दुरुस्ती चालू आहे त्याच मेलबॉक्सचा अ‍ॅक्सेस तेवढ्यापुरता जातो. करप्शनटाइपमध्ये चार नावं द्यायची, सर्चफोल्डर, अ‍ॅग्रीगेटकाउंट्स, प्रोव्हिजन्डफोल्डर आणि फोल्डरव्ह्यू. नावावरूनच कळतं की हे फोल्डरच्या पातळीवरचं काम आहे, फोल्डरमधल्या आयटमची मोजणी चुकलीय, व्ह्यू बिघडलाय, फोल्डर चुकीच्या जागी लटकलंय. ज्या मीटिंगची प्रॉपर्टीच खराब आहे ती यातून बरी होईल अशी आशा धरू नका. पण फोल्डरच्या गडबडीमुळे जे आयटम सापडत नव्हते किंवा वाचता येत नव्हते ते यानंतर नीट जातात, आणि तसे पुष्कळ असतात.

आधी डिटेक्टओन्ली लावून चालवा, म्हणजे काही न बदलता नुसतं सापडलं काय ते सांगेल. मग तो स्विच काढून खरं चालवा, ऑफिस सुटल्यावर, युजरला सांगून, कारण एकदा सुरू झालं की मधे थांबवायचं म्हणजे डेटाबेसच डिसमाउंट करायचा. ऑनलाइन आर्कायव्ह (जुन्या मेलसाठीचा जोड-मेलबॉक्स) असेल तर आर्कायव्ह स्विच लावून त्याच्यासाठी वेगळं चालवायला लागतं, हे विसरलं जातं आणि मग मुख्य मेलबॉक्स जातो आणि आर्कायव्ह अडकतो.

निकाल कुठे बघायचा ते व्हर्जनवर आहे. एक्स्चेंज २०१३ पासून गेट-मेलबॉक्सरिपेअररिक्वेस्ट आहे, किती सापडलं, किती दुरुस्त झालं, कितपत आलंय ते सगळं त्यात. २०१० मध्ये ही कमांड नाही, इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये बघायचं, १००४७ म्हणजे सुरू झालं, १००४८ म्हणजे पूर्ण झालं, १००६२ म्हणजे करप्शन सापडलं. मोठा मेलबॉक्स असेल तर वेळ लागतो, सारखी कमांड मारू नका. आणि पहिल्या फेरीत सापडलं असेल तर पुन्हा एकदा डिटेक्टओन्ली चालवून शून्य येतं का ते बघा.

एवढं करून आयटम शिल्लक राहिले तर क्लाउडला न्यायच्या आधी आतल्या आतच मूव्ह करून घ्या. त्याच सर्व्हरवर किंवा शेजारच्या सर्व्हरवर एक रिकामा डेटाबेस बनवायचा आणि न्यू-मूव्हरिक्वेस्टने तो मेलबॉक्स तिकडे हलवायचा. मूव्हमध्ये मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये नव्याने लिहिला जातो त्यामुळे इंडेक्स, व्ह्यू, मोजणी सगळं ताजं होतं, आणि जे वाचताच येत नाही ते मागे राहतं. इथे बॅड आयटम लिमिट द्यावीच लागेल, आणि ५१ किंवा जास्त दिली तर अ‍ॅक्सेप्टलार्जडेटालॉस हा स्विचही द्यावा लागतो, नावच असं ठेवलंय की माणूस दोन सेकंद थांबावा. फायदा काय, तर हे सगळं तुमच्या नेटवर्कवर, वेगाने होतं, काय सुटलं ते लगेच समोर येतं आणि जुनी प्रत तुमच्याच हाताशी असते, इंटरनेटवरून ५० जीबी ढकलून झाल्यावर शेवटी फेल व्हायचं दुःख नाही. मूव्ह चालू असताना ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदीच्या फाइल) भराभर वाढतात, डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा.

क्लाउडच्या बाजूचा स्कोअर

पूर्वी लिमिट एवढंच होतं. आता एक्स्चेंज ऑनलाइनला मूव्ह करताना बॅड आयटम लिमिट आणि लार्ज आयटम लिमिट दोन्ही दिलीच नाहीत तर डेटा कन्सिस्टन्सी स्कोअर लागू होतो. माझं मत, हाच वापरा, जुन्या स्क्रिप्टमध्ये लिमिट लिहिलेली असेल तर ती ओळ काढून टाका, कारण लिमिट दिली की सिस्टिम जुन्या पद्धतीने वागते आणि तुम्ही आकड्यांच्या खेळात परत अडकता. स्कोअरच्या पद्धतीत मूव्ह आयटम बाजूला काढत पुढे जाते, आणि काय प्रकारचं किती राहिलं त्यावरून शेरा देते, परफेक्ट, गुड, इन्व्हेस्टिगेट, पुअर.

परफेक्ट आणि गुड आपोआप पूर्ण होतात. गुड आला तरी यादी एकदा बघा, त्यातही काहीतरी किरकोळ सुटलेलं असतंच. इन्व्हेस्टिगेट आला की मूव्ह शेवटच्या टप्प्यावर थांबते आणि तुमच्या मंजुरीची वाट बघते. मंजुरी म्हणजे सेट-मायग्रेशनयुजर आणि अप्रूव्हस्किप्डआयटम्स. हीच मंजुरी सेट-मायग्रेशनबॅचने अख्ख्या बॅचलाही देता येते, आणि तेच करू नका, एका कमांडमध्ये दोनशे युजरचं न वाचता सोडून दिलं तर हजारची लिमिट काय वाईट होती. एकेका युजरची यादी बघा, मग त्याला मंजुरी द्या. मंजुरी त्या वेळेपर्यंत सापडलेल्या आयटमना असते, नंतरच्या सिंकमध्ये नवे निघाले तर पुन्हा द्यावी लागते, त्यामुळे काल दिली होती तरी आज परत थांबलं असं झालं तर गोंधळू नका.

पुअर आला तर तुमच्या बाजूने ते पूर्ण करता येत नाही, सपोर्टकडे जावं लागतं. पण तिथे जायच्या आधी सोर्सवर (जुन्या सर्व्हरवर) रिपेअर आणि आतली मूव्ह करून मग नव्याने मायग्रेशन सुरू करून बघाच, सपोर्टवालेही बहुधा आधी हेच विचारतील.

बॅचची आखणी करतानाच थोडी अक्कल लावली तर यातलं बरंच टळतं. कम्प्लिशनची तारीख लांबची द्या किंवा बॅच नसून सुटी मूव्ह असेल तर सस्पेंडव्हेनरेडीटूकम्प्लीट लावा, म्हणजे पहिली कॉपी होते, मग मूव्ह ९५ टक्क्यांवर थांबते, बॅच रोज एकदा नवीन बदल उचलत राहते, आणि युजर तोपर्यंत जुन्याच मेलबॉक्सवर काम करत असतो. या मधल्या दिवसांत रिपोर्ट वाचायचे, युजरना फोन करायचे, कॅलेंडरं साफ करायची. कटओव्हरच्या (युजरला नव्या मेलबॉक्सवर नेण्याच्या) रात्री बॅड आयटम बघायला बसणं म्हणजे मग लिमिट हजार होणारच, त्या वेळी कोण यादी वाचतंय.

जाता जाता आयमॅपवाल्यांसाठी, म्हणजे सोर्स एक्स्चेंज नसून दुसराच कुठला मेल सर्व्हर असेल तर. तिथे फक्त मेल येतं, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट येत नाहीत, एका मेलबॉक्समधून जास्तीत जास्त ५ लाख आयटम, ३५ एमबीपेक्षा मोठे मेसेज डिफॉल्टने येत नाहीत, आणि रिपेअर रिक्वेस्ट वगैरे काही नाही. जो मेल वाचला जात नाही तो मेल क्लायंटने डाउनलोड करून हाताने आत टाकायचा, एवढंच हातात.

मूव्ह पूर्ण झाली की दोन्ही बाजूंच्या फोल्डरमधली आयटमची संख्या गेट-मेलबॉक्सफोल्डरस्टॅटिस्टिक्सने काढून शेजारी शेजारी लावा. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, दोन्हीकडची सिस्टिम फोल्डरं वेगळी असतात, पण इनबॉक्स, सेंट आणि युजरने स्वतः बनवलेल्या फोल्डरमध्ये मोठा फरक दिसला तर तो स्किप झालेल्या यादीशी जुळला पाहिजे. यादी युजरला मेल करा, साध्या भाषेत, विषय, तारीख, फोल्डर, आणि काही हवं असेल तर अमुक तारखेपर्यंत सांग. ती तारीख जुन्या डेटाबेसच्या डिलीटेड मेलबॉक्स रिटेन्शनच्या (काढलेला मेलबॉक्स राखायच्या मुदतीच्या) आतली ठेवा. तोपर्यंत जुना मेलबॉक्स तिथे सॉफ्ट डिलीटेड (काढलेला पण अजून पुसलेला नाही अशा) अवस्थेत असतो, गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्सला डेटाबेसचं नाव देऊन डिसकनेक्ट रीझनवर फिल्टर केलं की दिसतो, आणि न्यू-मेलबॉक्सरिस्टोररिक्वेस्टने त्यातलं दुसऱ्या मेलबॉक्समध्ये काढता येतं. मोठी बॅच जायच्या आधी त्या डेटाबेसचं रिटेन्शन ३० वरून वाढवून ठेवता आलं तर ठेवा, डिस्क तेवढी परवडते. आणि शेवटच्या युजरची ती मुदत संपेपर्यंत जुना सर्व्हर बंद करायची घाई करू नका, मॅनेजर कितीही मागे लागला तरी.